मानाचं मलम

"आजी, ही पेटी तुमच्या लिंबाला लावू का?"

"माझ्या लिंबाला खिळा ठोकायचा नाही," मी म्हटलं. "सुतळीनं बांध."

डॉक्टरीण अगदीच पोरसवदा होती. मगदूम आडनाव, सरकारी दवाखान्यात नुकतीच आलेली. हातात निळी पेटी, पेटीच्या खाली दाबलं की मलम येईल अशी तोटी, आणि काखेत पत्र्याचा फलक. वैशाख लागला होता, म्हणजे माझ्या रसवंतीचे दिवस. समोर नगरपालिकेचं मैदान. तिथं रोज सकाळी सात ते दहा लाड सरांचं खो-खोचं शिबिर चालायचं. तेरा ते सोळा वयाची एकेचाळीस पोरं-पोरी उघड्या उन्हात धावायची आणि दहा वाजता लाल तोंडं घेऊन माझ्या रसवंतीवर पडायची.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. साधं अक्षर लागतं, जोडाक्षर आलं की थांबते. फलकावरचा पहिलाच शब्द जोडाक्षराचा होता.

"वाच गं," मी म्हटलं.

तिनं वाचलं, "त्वचारोग विभाग. मोफत सनस्क्रीन. उन्हात जाण्यापूर्वी चेहरा, मान व हातांना लावा."

"वरची ओळ खोडून टाक."

"का हो?"

"ती वाचून पेटीजवळ कोण यायचं नाही."

"आजी, विभागाचं नाव लिहावंच लागतं. नियम आहे."

"मग लिव्ह बाई," मी म्हटलं आणि ऊस चरकात घातला. चरकाची घुंगरं वाजायला लागली की माझ्याशी वाद घालता येत नाही.

तिनं फलक बांधला. पहिल्याच दिवशी कासाराची पल्लवी तोटीकडं हात घेऊन गेली आणि तिची आई कुंपणाबाहेरून ओरडली, "पल्लवे, हात लावू नगंस त्याला! कुणाकुणाला काय काय झालेलं असतंय!" दुपारपर्यंत गल्लीत झालं की ती पेटी कोड फुटलेल्यांसाठी आहे. संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ उभं राहिलेल्यांसाठीसुद्धा झाली. पोरींनी लिंबाखालून जायचं सोडलं. पोरांनी मात्र मलम वापरलं. एकदा लाड सरांच्या गाडीच्या सीटला लावलं, एकदा बोकडाच्या शिंगांना आणि एकदा मैदानातल्या खांबाला. खांबाला धरून वळणारा पहिला पोरगा सरळ कुंपणापर्यंत गेला. तोंडाला कुणीच लावलं नाही.

माझा त्यात काही जीव गुंतला नव्हता. जीव गुंतला होता तो गोणपाटाच्या पडद्याआड.

माझी नात उर्मिला तेव्हा चौदाची. जन्मली तीच पांढरी. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. सुईण म्हणाली होती, "तानाक्का, चांदणं आलंय घरात." मी तिला लुगडं दिलं आणि सांगितलं, हे बाहेर बोललीस तर लुगडं परत घेईन. अर्धा तास ऊन लागलं की पोरीची कातडी भाजायची आणि आठवडाभर सोलत राहायची. डोळे उजेडात उघडायचे नाहीत, लांबचं अंधुक दिसायचं. आमच्या गल्लीतल्या बाया गोऱ्या सुनेसाठी नवस बोलायच्या, पोरी काळ्या पडतील म्हणून त्यांची तोंडं ओढणीत बांधायच्या आणि माझी नात दिसली की पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायच्या.

म्हणून मी तिला जाऊच दिलं नाही. शाळेत छत्रीखालून न्यायची, छत्रीखालून आणायची. सुट्टीत रसवंतीच्या मागच्या बाजूला गोणपाट टांगून दिलं होतं. त्याच्यामागं ती पेले विसळायची. तिथं बसून ती नुसत्या आवाजावरून सांगायची, "आजी, दुसऱ्या पाटीवरचा उशिरा उठला. आता पळणारा सुटला." आणि पुढं बघावं तर खरंच सुटलेला.

पेटी बांधून झाल्यावर त्या डॉक्टरणीनं पाणी प्यायला म्हणून गोणपाट बाजूला केलं. उर्मीला बघितलं. दचकली नाही, तेवढं मी तिच्या बाजूनं धरते.

"हिला खेळू द्या की, आजी," ती म्हणाली. "टोपी, काळा चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. हे मलम भरपूर आणि दर दोन तासांनी. ऊन चढायच्या आत घरात. इतरांनाही हवंय ते, हिला जरा जास्त हवंय, एवढाच फरक."

"तू रस घेणार आहेस का?" मी विचारलं.

ती रस पिऊन गेली. पण उर्मीनं ऐकायचं ते ऐकलं होतं.

त्या दिवसापासून पोरीनं धोशा लावला. मलम घरात आधीपासून होतंच, पण ते मी तिला दार लावून लावायची. आता म्हणायला लागली, "आजी, लाड सर म्हणाले शिबिराच्या शेवटच्या रविवारी निवड हाय, तेव्हा एक डाव पळ म्हणून."

"सरांना कधी भेटलीस?"

"पेला द्यायला गेले तेव्हा."

"पेला द्यायला तुझी आई हाय."

"आजी, एकच डाव."

तिसऱ्या दिवशी मी कंटाळून म्हटलं, "हे बघ उर्मे. ज्या दिवशी त्या मैदानावरची झाडून सगळी पोरं ते पांढरं तोंडाला फासून खेळतील, त्या दिवशी तू जा. एकाचंबी तोंड कोरडं दिसता कामा न्हाई."

"शब्द?"

"आम्हा बाबरांच्या घरात शब्द मागत न्हाईत. बोललं म्हणजे झालं."

मला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फ फोडत होते. गोणपाट हललं आणि उर्मी छत्री घेऊन बाहेर पडली. लिंबाखाली गेली, तोटी दाबली आणि मलम तळहातावर घेऊन उभी राहिली. पोरं हातपाय मोकळे करत होती. थोरातांचा हर्षवर्धन, शिबिरातला सगळ्यात जोरात पळणारा आणि त्याहून जोरात बोलणारा, तिच्यासमोर येऊन थांबला.

उर्मीनं हात पुढं केला. "लाव. ऊन लागत न्हाई."

हर्ष्यानं पाठीमागच्या पोरांकडं बघितलं. "हे लावलं की तुझ्यागत व्हतंय व्हय?"

सगळी हसली.

"न्हाई," उर्मी म्हणाली. "लावलं न्हाई की माझ्यागत भाजतंय."

त्यावर कुणी हसलं नाही, पण मलमही कुणी घेतलं नाही. ती परत आली, हात धुतला आणि पेले विसळायला बसली. मी घातलेला ऊस चरकातून कधीच पार झाला होता. मी तरी चरक फिरवतच होते.

पंधरा वर्षांच्या पोराशी भांडायचं माझं वय नव्हतं. त्याच्या आजीशी भांडले असते, पण ती दोन वर्षांमागं वारली होती. बरीच बोलायची तीपण.

त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून अत्तरदाणी काढली.

ही अत्तरदाणी माझ्या सासूची. चांदीची, वर मोराचं झाकण. आमच्या चार गल्ल्यांत कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या दारात अत्तर लावायला मी उभी. पाहुण्याचं नाव घ्यायचं, गावाचं नाव घ्यायचं, त्यानं हात उपडा करायचा, मी अत्तर लावायचं. आजवर माझ्यापुढं आलेला हात कुणी मागं घेतलेला नाही. भांडून लग्नाला आलेल्यांनीसुद्धा नाही. आपल्याकडं फुकटचं मिळालं तर लोक संशय घेतात, मानाचं मिळालं तर हात पुढं करतात.

डॉक्टरणीच्या पेटीतलं मलम मी पातेल्यात काढून घेतलं आणि अत्तरदाणीत भरलं. फलक उलटा करून बांधला.

सकाळी मैदानाच्या फाटकात खुर्ची टाकून बसले. ठेवणीतलं लुगडं नेसले होते. आधी वस्ताद.

"लाड सर!" मी हाक मारली. "शिबिराचे गुरुजी! या!"

सर आले. सवयीनं हात उपडा केला. मी बोटभर मलम लावलं. त्यांनी सवयीनं दुसऱ्या हातावर चोळलं, नाकाशी नेलं आणि थांबले.

"आक्का, हे अत्तर न्हाई."

"न्हाई. चोळा. तोंडाला चोळा, मानेला चोळा. डोक्यालाबी चोळा, तिथं जागा जास्त हाय."

सर भला माणूस. त्यांनी डोक्याला चोळलं.

"कासार गल्लीच्या बाळासाहेब कासारांची थोरली लेक, पल्लवी!"

पल्लवीची आई कुंपणापाशीच होती. चारचौघांत नवऱ्याचं नाव अदबीनं घेतलेलं तिनं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिनं पदर डोक्यावर घेतला. पल्लवीनं हात उपडा केला.

अशी मी त्या दिवशी बारा नावं घेतली आणि झाकण लावलं.

"आजी, आमचं?" तेल्याचा एक पोरगा म्हणाला.

"उद्या बघू."

"आज का न्हाई?"

"लग्नात सगळ्यांना एकदम लावत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सोळांना लावलं. तिसऱ्या दिवशी तेली गल्लीतली पोरं भांडायला आली की पहिला मान कासार गल्लीला का. मी म्हटलं, उद्या तुम्हाला. चौथ्या दिवशी लाड सर म्हणाले, "आक्का, सातला या म्हटलं तर साडेसातला यायची ही कार्टी. आता साडेसहाला फाटकात बसल्यात."

"मग वाईट काय झालं?"

"वाईट न्हाई. मला झोपायला मिळंना झालंय."

आठवड्यात चाळीस पोरं व्हायला लागली. हात उपडा, नाव, गल्ली, बापाचं नाव, मलम, चोळ, पुढचा. चोळायला कुणी विसरलं तर मागचा आठवण करायचा. एकानं मला सांगितलं, आजी, डॉक्टरीणबाई म्हणत्यात खेळून घाम आला की परत लावायचं. मग मधल्या सुट्टीतही मी खुर्चीत. रसवंतीवर माझी सून एकटी पडली. तिनं तसं बोलून दाखवलं. मी ऐकून घेतलं नाही.

हर्ष्याला मी लावलं नाही.

तो रांगेत उभा राहायचा. चौथ्या दिवशी माझ्यासमोर आला, हात उपडा केला. मी त्याच्या हातावरून अत्तरदाणी पुढच्याकडं नेली.

"आजी, मी."

"दिसलास," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी त्याची आई आली. "आक्का, आमच्या हर्षूचं काय चुकलं? आख्ख्या मैदानात एकट्याचं तोंड कोरडं. लोक इचारत्यात."

"त्याला इचारा."

"तो बोलंना झालाय."

"मग आठवत असंल," मी म्हटलं.

सातव्या दिवशी मी त्याला एकट्याला लिंबाखाली बघितलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं पेटीची तोटी दाबली. पेटी मीच रिकामी केलेली. नुसता फुस्स आवाज आला. त्यानं तीन वेळा दाबून बघितलं.

घरात माझी सून म्हणाली, "आत्या, पोरगं हाय, सोडा की आता." मी म्हटलं, माझ्या नातीला हसला तो. एवढं म्हटलं की कुणी पुढं बोलत नव्हतं. मलाही ते पुरत होतं.

शिबिराचा शेवटचा रविवार आला. निवडीचा दिवस. तालुक्याहून दोन पंच आले होते, कुंपणाला आयाबाया लागल्या होत्या. मी फाटकात बसले. पंचांना लावलं, सरांना लावलं, मग पोरं-पोरी. चाळीस नावं झाली. एकेचाळिसावा शेवटी उभा होता. मी झाकण लावलं.

"आजी."

मागं उर्मी उभी होती. डोक्यावर तिच्या बापाची टोपी, काळा चष्मा, मनगटापर्यंत बाह्यांचा निळा सदरा. तोंडाला मलम इतकं की चष्म्याच्या कडेला साचलं होतं. छत्री नव्हती.

"सगळी झाली," ती म्हणाली.

"एक राहिलाय."

"तू बोलवंनास म्हणून राहिलाय."

"तो तुला काय बोलला ते मी इसरले न्हाई."

"मी इसरले," ती म्हणाली. "मला बोलला होता, मी तिथंच उत्तर दिलं होतं. तुला त्याचा राग न्हाई, आजी."

"मग काय हाय?"

"तू त्याला राखून ठेवलाईस. एकाचं तोंड कोरडं राहिलं की मला जायला नगं."

आयाबाया बघत होत्या. लाड सरांनी शिट्टी तोंडात धरली होती, वाजवली नव्हती. मला त्या पोरीच्या मुस्काटात मारता आलं असतं. घरी नेता आलं असतं. चौदा वर्षं तिच्या बापालाही मी मधे बोलू दिलं नव्हतं, मला कोण अडवणार होतं?

मी अत्तरदाणीकडं बघितलं. झाकण अंगठ्यानं दाबून धरलं.

उर्मीनं माझ्या हातातून अत्तरदाणी घेतली. मोराचं झाकण उघडलं. आणि माझ्याच सुरात, चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "थोरात गल्लीच्या दिलीपराव थोरातांचे चिरंजीव, हर्षवर्धन!"

हर्ष्या आला. मान खाली. हात उपडा केला. तिनं चांगलं चार बोटं मलम त्याच्या हातावर ठेवलं.

"एवढं?" तो हळूच म्हणाला.

"आठ दिवसांचं राहिलंय," उर्मी म्हणाली. "चोळ."

त्यानं चोळलं. तोंडाला, मानेला, कानांना. मग काय करावं कळेना म्हणून तो तिथंच उभा राहिला. उर्मीनं बोटाला उरलेलं मलम माझ्या हाताच्या पाठीवर पुसलं, अत्तरदाणी माझ्या मांडीत ठेवली आणि मैदानात गेली.

शिबिरात पोरं-पोरी मिसळून खेळायची. उर्मी पळणाऱ्यांत, तिघांच्या पहिल्या तुकडीत. पाटीवर बसलेल्यांत हर्ष्या. मला वाटलं, पोर नवी आहे, डोळ्यांनी अधू आहे, जरा सबुरीनं घेतील. शिट्टी झाली. उर्मीनं मान कलती करून कान लावला, एका बाजूला झुकली, दुसऱ्या बाजूला सुटली. एका पोराला चुकवलं. कुंपणावर कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग हर्ष्याला खो मिळाला. तो उठला आणि त्यानं जराही दया केली नाही. सूर मारून तिच्या पाठीत असा पंजा मारला की आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला.

उर्मी बाद झाली.

ती पळतच माझ्याकडं आली. टोपी तिरकी, चष्मा नाकावर, तोंडभर पांढरं आणि त्यातून घाम.

"आजी, अकरा सेकंद!"

"ऐकलं."

"सरांनी मोजलं! अकरा!"

"बाद झालीस नव्हं?"

"व्हय!" ती म्हणाली. असं म्हणाली, जसं दुसरं कुणी जिंकले म्हणेल. "हर्ष्यानं केलं बाद! केवढ्यानं मारलं बघ."

मी तिला पाठमोरी केली. निळ्या सदऱ्यावर मलमाचा पंजा उठला होता, पाचही बोटं स्पष्ट. मी तो बघत बसले. मग म्हटलं, "सावलीत ये. दहा वाजत आले."

सदरा माझ्या सुनेनं त्याच संध्याकाळी धुतला. सुना धुतात.

पुढच्या महिन्यात मगदूम डॉक्टरीण आली. पेटी चार वेळा भरावी लागली हे तिला कळलं होतं. फलक उलटा आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. तिनं अहवालात लिहिलं की फलकाचा फार चांगला परिणाम झाला. मला वाचून दाखवलं. मी तिला रस दिला.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. परवा हर्षवर्धन थोराताचं लग्न झालं. अत्तर लावायला मी मांडवाच्या दारात होते. उर्मी पुण्याहून मुद्दाम आली होती. तिथं ती शाळेत खो-खो शिकवते, सावलीतून नाही. गुलाबपाणी शिंपडायला ती माझ्याशेजारी उभी, टोपीसकट. नवरदेव घोड्यावर चढायच्या आधी माझ्यासमोर आला आणि हात उपडा केला. मी लावलं. त्यानं चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आजी, हे अत्तर न्हाई."

"चोळ," मी म्हटलं. "वरात उन्हातनं हाय."